पळी कुणाच्या हातात?

(तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



मला विषय दिलाय : हवामानबदल, अन्नटंचाई आणि धर्माची भूमिका. विषय जड आहे. थंडगार हॉल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि पुढच्या रांगेत सगळ्या धर्मांचे गुरू, असा हा विषय सहसा बोलला जातो. आपण पत्र्याखाली बसलोय आणि पत्रा तापलाय. त्यामुळे हवामानबदल म्हणजे काय हे तुम्हाला फळ्यावर काढून दाखवायची गरज नाही. तो डोक्यावर आहे.

तरी आधी थोडं शास्त्र. कारण शास्त्र सोडलं की त्या जागी भट येऊन बसतो. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जाळून हवा तापली. हवा 1 अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ पोटात धरते. म्हणून पाऊस दडी मारतो तेव्हा महिना महिना मारतो, आणि येतो तेव्हा एका रात्रीत शेत धुऊन नेतो. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. आणि त्याच मराठवाड्यात 2025 च्या सप्टेंबरात पाण्यानं उभं सोयाबीन सडलं, जनावरं वाहून गेली. दर दुष्काळ फक्त हवेनंच आणला असं मी म्हणणार नाही. कोरड्या मुलखात ऊस लावणारे कारखानदार आहेत, धरणाची चावी धरून बसलेले पुढारी आहेत. पण आता या सगळ्यांच्या जोडीला हवाही उलटलीय. 2024 हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सगळ्यांत उष्ण वर्ष ठरलं. हा धूर कुणी सोडला? ज्याच्या घरात पंखादेखील उधारीवर फिरतो त्यानं नाही.

मग धर्म काय करतोय? धर्म पत्रकं काढतोय. 2015 चं साल घ्या. जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं हवामानावरचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी जाहीरनामा काढला. डिसेंबरात पॅरिसची परिषद व्हायची होती, तिच्या तोंडावर बौद्धांचं पत्रक आलं, हिंदूंचंही आलं. मी त्यांची टिंगल करत नाही. पोपनं पृथ्वीचं दुःख आणि गरिबाचं दुःख एकाच तोंडानं सांगितलं, ही साधी गोष्ट नाही. पण या पत्रकांत 'मानवजात' असते. आपल्याकडं पाणी भरायला मानवजात जात नाही, जाती जातात. विहिरीवर गेल्यावर मानवजातीच्या दोन रांगा होतात. आणि पत्रक विहिरीपर्यंत पोचत नाही.

म्हणून कुठलाही धर्म भूक आणि दुष्काळाबद्दल बोलायला लागला की मी त्याला तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा. एक, दुष्काळाचं पाप तो कुणाच्या माथी मारतो? दोन, त्याच्या राज्यात पाण्याला कोण शिवतो? आणि तीन, वाढायची पळी कुणाच्या हातात असते?

पहिला प्रश्न. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीर विरोध केला : निसर्गाच्या घटनेला असं पापपुण्य चिकटवू नका. आता कुणी म्हणेल, गांधी तर आपल्याच बाजूनं बोलले, मग बिघडलं काय? बिघडलं हे, की भूकंपात दबून मेलेला अस्पृश्य कुठल्या पापाची शिक्षा भोगत होता? आणि एकदा का आभाळातून शिक्षा पडते हे मान्य केलं, की पाप कुठलं हे ठरवायचा ठेका ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडं जातो. 2016 च्या एप्रिलात, लातूरला पाण्याची गाडी येत होती त्याच दिवसांत, द्वारकेचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती काय बोलले आठवतं? महाराष्ट्रात दुष्काळ पडला तो साईबाबांची पूजा केल्यामुळं! ना ऊस, ना धरण, ना धूर. एका फकिराची पूजा. म्हणजे तहानलेल्या माणसाला वर आरोपी पण करायचं.

त्यापेक्षा मला आपली जुनी खेडी बरी वाटतात. पाऊस नाही आला की गाव महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतं आणि देवाला कोंडून ठेवतं : बस आता बुडून, आण पाऊस! त्यानंही पाऊस येत नाही. पण निदान जाब देवाला विचारला जातो, शेजाऱ्याला नाही.

दुसरा प्रश्न, पाणी. हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवायला नको. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यालं. मागून सवर्णांनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप असं पंचगव्य 108 घागरींतून ओतून तळं 'शुद्ध' केलं. आज ज्याला आपण जलप्रदूषण म्हणतो ते तिथं शुद्धीकरण म्हणून झालं, मंत्र म्हणत झालं. पुढं कोर्टबाजी. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. एका तळ्याला दहा वर्षं! नगरपालिकेनं आधीच खुल्या केलेल्या तळ्याला!

नंतर 1972. त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता हे सगळ्या पुस्तकांत आहे. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध बायांची नागवून विटंबना झाली, हे दुष्काळाच्या पुस्तकांत नसतं. ते अत्याचाराच्या पुस्तकात असतं. ही कपाटं वेगळी ठेवणं हीच गडबड आहे, दोस्तांनो. टंचाई आणि अत्याचार एकाच विहिरीतून वर येतात. पाणी मुबलक असलं की जात जरा झोपते. पाणी खाली गेलं की जात वर येते.

माझी आजी बहात्तरला खडी फोडायला होती. सरकारी कामावर सुकडी मिळायची, परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. आजी म्हणायची, काम सरकारचं, खडी सरकारची, मजुरीसुद्धा सारखी. पण माठ दोन होते. आमच्या माठाला झाकण नव्हतं. पुढं त्याच कामांतून रोजगार हमीचा कायदा झाला, देशानं त्याचं कौतुक केलं. झालंच पाहिजे. पण दुसऱ्या माठावर कुणी अहवाल लिहिला नाही.

आज टँकर येतो. टँकर पाणी कुठं ओततो? गावच्या विहिरीत. गावची विहीर कुठं? ज्या बाजूला ग्रामपंचायत, त्या बाजूला. मग आपल्या आयाबाया हंडा घेऊन विहिरीच्या कडेला उभ्या राहतात, कुणी ओतून देईल म्हणून. अस्पृश्यता कायद्यानं गेली. टँकरला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आणि 2015 साल. मराठवाडा सलग दुसऱ्या वर्षी कोरडा. तिकडं नाशिकला कुंभ. शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडलं. प्रकरण हायकोर्टात गेलं. गोदावरी नाशिकहून निघून मराठवाड्यातच जाते, हे शाळेतल्या नकाशात आहे. वर साधूंची बुडी, खाली घागरीची रांग. नदी एक, धर्म एक, पण हक्क बघा. 2026-27 च्या कुंभासाठी साधुग्राम वसवायचं म्हणून तपोवनातली झाडं तोडायचा बेत झाला, तेव्हा 2025 मध्ये नाशिकची माणसं झाडांना मिठी मारून उभी राहिली. त्यांतले बरेच जण देवभोळे असतील. मी त्यांना सलाम करतो. देवळातला माणूस वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. देवळाचं गणित वाईट आहे.

आता तिसरा प्रश्न. पळी.

मंगळवेढ्याची गोष्ट तुम्ही ऐकलीय. पंधराव्या शतकातला दुष्काळ. दामाजीपंत बिदरच्या बादशहाचा अंमलदार. लोक मरताना बघवेना, सरकारी कोठारं उघडून दिली. बादशहानं पकडून न्यायला माणसं धाडली. तेव्हा म्हणे प्रत्यक्ष विठोबा महाराचं रूप घेऊन, विठू महार होऊन, बिदरला गेला आणि धान्याची रक्कम चुकती करून आला. कीर्तनात या जागी लोक रडतात. मी पण लहानपणी रडलोय. मोठं झाल्यावर हिशेब मांडला. कोठार उघडल्याचं पुण्य दामाजीला. पैसे भरल्याचं पुण्य विठोबाला. आणि महाराला? महाराचं फक्त रूप घेतलं, काम झालं की परत टाकलं. त्याच मंगळवेढ्यात, परंपरा सांगते की, चोखोबा गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून मेला. ज्याचं रूप देवाला बिदरला जाताना चाललं, त्या महाराला पंढरपूरच्या देवळात पाय टाकायला 1947 उजाडलं. तेही साने गुरुजी उपाशी बसले तेव्हा. धर्मानं दुष्काळात महाराला अन्न दिलं असेल, पळी दिली नाही. करुणा आहे, वाटा नाही. हा फरक डोक्यात कोरून ठेवा.

याच्या उलट चित्र आपल्याच मातीत आहे. 1876-77 चा दख्खनचा दुष्काळ. सत्यशोधक समाज निघून चारच वर्षं झाली होती. जोतीराव-सावित्रीमाई आणि त्यांचे साथी गावोगाव फिरले, धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी बालाश्रम काढला, भाकरी भाजल्या. सावित्रीमाईंचं ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं 20 एप्रिल 1877 चं पत्र आहे. त्यात भुकेचं वर्णन आहे आणि त्याच दमात सावकारांच्या जुलमाचंही. म्हणजे बघा, वाढताना त्यांनी विचारलं, भूक आली कुठून? 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव दोन गोष्टी सांगतात. एक, जन्मापासून मरणापर्यंत आणि वर्षभर सणावारांत भटाचा धर्म शेतकऱ्याचं घर कसं खातो. दुसरी, पावसाचं पाणी आणि सुपीक माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घाला, त्या कामाला सरकारनं आपल्याकडचे शिपाई लावावेत. धर्माची चिकित्सा आणि पाणलोटाची योजना, एकाच पुस्तकात! आपले आजचे पर्यावरणवाले पहिलं पान फाडून दुसरं वाचतात. आणि आपण, खरं सांगू, पहिलं पाठ करतो आणि दुसरं उघडतच नाही.

शिखांच्या लंगरबद्दलही बोललं पाहिजे. एका पंगतीत बस, मग राजा असो नाहीतर भिकारी. आपल्या देशात जेवणाच्या पंगतीवर हात घालणं म्हणजे जातीच्या बोकांडी बसणं. 2020-21 ला दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले तेव्हा त्या लंगरनं आंदोलन जगवलं. पण पंजाबातच दलितांना आपले वेगळे गुरुद्वारे बांधावे लागले हेही खरं. लोकसंख्येत जवळपास तिसरा हिस्सा दलित, आणि जमीन? नावाला. पंगत एक झाली, जमीन एक झाली नाही. लंगरपासून शिकायचं ते दोन्ही.

आणि धर्म जेव्हा पळी काढून घेतो तेव्हा? पुन्हा तेच 2015. मार्चमध्ये महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली. गाईला ती 1976 च्या कायद्यानं होतीच. वर्ष दुष्काळाचं. चारा नाही, पाणी नाही, म्हातारा बैल विकायचा तर गिऱ्हाईक नाही. शेतकरी अडकला, खाटीक बसला, चामड्याचं काम करणारा बसला. आणि गरीब मुसलमानाच्या, गरीब दलिताच्या ताटातलं सगळ्यांत स्वस्त मांस गेलं. बाहेरून आणलेलं असं मांस घरात ठेवणंही गुन्हा ठरवणारं कलम होतं, ते मे 2016 मध्ये हायकोर्टानं उडवलं. कत्तलबंदी ठेवली. 2021 ला शेजारच्या कर्नाटकात शाळेतल्या पोरांना अंडी द्यायचं ठरलं तर काही मठाधीश आडवे आले. अरे, अंडं खाणार पोरगं, हाडं त्याची, भूक त्याची, आणि बाटणार कोण? मठ! एकीकडं 'उपाशी राहू नका' असं पत्रक, दुसरीकडं ताटातून हात घालून घास काढायचा. हवा बिघडल्यामुळं धान्य महागणार असेल तर माणसाला जे मिळेल ते पौष्टिक खाऊ द्या, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही.

इथपर्यंत टाळ्या वाजवल्यात. आता आपल्या घरात येतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना सिद्धार्थ घर सोडतो त्याचं कारण बदललं. म्हातारा, आजारी, प्रेत ही गोष्ट त्यांना पटली नाही. त्यांनी कारण दिलं ते रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण. शाक्य आणि कोलीय, दोघांची शेती एकाच नदीवर. शाक्यांच्या संघानं युद्ध ठरवलं. सिद्धार्थ म्हणाला, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा, पाचांनी निवाडा करावा. बहुमत विरोधात गेलं. त्यानं युद्धाला हात लावला नाही आणि देश सोडला. विचार करा. आपल्या धम्माची सुरुवात बाबासाहेबांनी पाणीवाटपाच्या प्रश्नावर नेऊन ठेवलीय! सहज नाही ठेवली. महाड करणारा माणूस लिहीत होता. 1942 ते 46 व्हाइसरॉयच्या मंडळात बसून दामोदर खोऱ्याची आणि देशाच्या नद्यांची योजना बघणारा माणूस लिहीत होता.

दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. राजाला मोठा यज्ञ करायचाय. त्याचा पुरोहित म्हणतो, आधी शेती करणाऱ्याला बी दे, जनावरांना चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला पगार दे. आणि मग जो यज्ञ होतो त्यात जनावर मरत नाही, यूपासाठी झाड तुटत नाही, नोकराला दंडुक्याच्या भीतीनं राबवलं जात नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा दुष्काळनिवारणाचा कार्यक्रम! आणि आळवीची गोष्ट : हरवलेला बैल शोधून थकलेला, उपाशी शेतकरी प्रवचनाला उशिरा पोचला. बुद्धानं आधी त्याला जेवायला घालायला लावलं, मग तोंड उघडलं. भिक्खू कुरकुरले. कुरकुरू देत.

आता आपल्या विहारात या. फरशी संगमरवरी, मूर्ती थायलंडची, दाराला कुलूप. मार्च ते जून, दुपारी बारा ते चार, जेव्हा पत्र्याखाली म्हातारी माणसं भाजतात, सफाई करून आलेली बाई सावली शोधते, तेव्हा वस्तीतली सगळ्यांत थंड जागा बंद. किल्ली अध्यक्षाकडं. अध्यक्ष कामावर. 16 एप्रिल 2023 ला खारघरला एका सत्पुरुषाच्या सत्काराला लाखो माणसं भर उन्हात बसली होती. मानकरी सावलीत, भक्त उन्हात. 14 माणसं उष्माघातानं गेली. त्याच सत्पुरुषाचे अनुयायी झाडं लावतात, विहिरी उपसतात, हे खोटं नाही. पण झाडं लावणाऱ्या माणसांना सावली मिळाली नाही. आपण त्याच्यावर बोटं मोडायच्या आधी लक्षात ठेवा, 14 एप्रिल आपलाही उन्हाळ्यातच येतो. आपल्या मिरवणुकीत डीजे किती आणि पाण्याचे पिंप किती, मोजा.

म्हणून मी इथं ठराव मागत नाही, कामं मागतो.

विहाराची किल्ली दुपारी वस्तीतल्या बायांकडं द्या. छताला पांढरा चुना मारा, दारात माठ ठेवा. एकच माठ, आणि तो कुणीही प्यावा. विहारात दर रविवारी रेशनचं टेबल लावा. कुणाचं नाव कटलं, कुणाचा अंगठा यंत्रावर उठत नाही, लिहून काढा. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा झाला तो हक्क म्हणून, भीक म्हणून नाही. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा ज्वारीसाठी काढा, आणि ती ज्वारी गावाकडं गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाकडून घ्या. दादासाहेब गायकवाडांच्या 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो माणसं ज्या जमिनीसाठी तुरुंगात गेली, तीच ही जमीन. 2022 ला त्या गायरानावरून माणसं काढायच्या नोटिसा आल्या तेव्हा शहरातली आपली किती मंडळं हलली?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वही. पूर आला, गारपीट झाली की तलाठी पंचनामा करतो. कशाचा? पिकाचा. पीक कुणाचं? ज्याचा सातबारा त्याचं. ज्याची मजुरी बुडाली, त्याचा पंचनामा कुठल्या कागदावर? ज्याची कसवणूक आहे पण कागद नाही, त्याचं काय? 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतीच्या छावण्यांतसुद्धा दलितांना बाजूला बसवलं गेलं, हे नोंदलं गेलं म्हणून आज सांगता येतं. जे नोंदलं नाही ते घडलंच नाही, असं सरकार म्हणतं. म्हणून पुढच्या पुरात, पुढच्या दुष्काळात चादरी वाटायला जाल तेव्हा वही घेऊन जा. वस्तीत घरं किती, टँकर कुठं रिकामा झाला, हंडा कुणी ओतला, मजुरी किती दिवस बुडाली. तारखेसकट. तहसीलदाराच्या टेबलावर ती वही आपटा.

धर्म पाऊस पाडत नाही. कुणाचाच नाही, आपलाही नाही. धर्माच्या हातात एवढंच असतं की पडलेल्या पाण्याला किती रांगा लागतील आणि शिजलेल्या अन्नावर पळी कोण धरील. जो धर्म दोन रांगा लावतो त्याचं हवामानावरचं पत्रक मला वाचायचं नाही. आणि आपण एक रांग लावू शकलो नाही, तर आपल्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवरच्या रंगापुरत्या उरतील.

आज दुपारी इथून जाताना आपापल्या विहाराची किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. तिथून सुरुवात.

जय भीम.